साहित्याचा अध्यापक आणि दोन रकाने

१

मुंबईच्या उपनगरांतील कोणत्याही महाविद्यालयात, मग ते मुलुंड-घाटकोपरचे असो वा अंधेरी-बोरिवलीचे, साहित्याच्या अध्यापकाचे माहितीपत्रक हाती घेतले तर त्यात बहुधा दोन रकाने आढळतात. पहिल्याचे शीर्षक 'संशोधनाची क्षेत्रे' असे असते आणि दुसऱ्याचे 'छंद' किंवा 'आवडी' असे. पहिल्या रकान्यात उत्तर-वसाहतवाद, स्त्रीवादी समीक्षा, सांस्कृतिक अभ्यास, अनुवादमीमांसा, पर्यावरणवादी समीक्षा अशी नामावली असते. दुसऱ्यात वाचन, संगीत, प्रवास आणि क्वचित काव्यलेखन. नॅकची समिती येणार म्हटले की ही पत्रके नव्याने तयार होतात, संचिकेत लावली जातात आणि समिती परतली की संचिका कपाटात जाते. इतक्या निरुपद्रवी कागदावर वाद घालण्याचे कारण काय, असे कोणालाही वाटेल.

कारण त्या दुसऱ्या रकान्यातील पहिल्याच शब्दात आहे. रसायनशास्त्राच्या अध्यापकाने 'प्रयोग करणे' हा आपला छंद म्हणून नोंदवला, तर सहकारी त्याची चेष्टा करतील. गणिताच्या अध्यापकाने 'सिद्धता मांडणे' ही आपली फावल्या वेळातील आवड असल्याचे लिहिले, तर तो विनोद समजला जाईल. साहित्याचा अध्यापक मात्र 'वाचन' हा शब्द छंदाच्या रकान्यात लिहितो आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही. ज्या कृतीवाचून त्याची विद्याशाखा क्षणभरही उभी राहू शकत नाही, ती कृती त्याने स्वहस्ते विद्येच्या हद्दीबाहेर काढलेली असते.

ही केवळ लेखनिकी सोय नव्हे. या विभागणीच्या पोटात साहित्याविषयीचा एक पुरता सिद्धान्त दडलेला आहे. तो असा की, साहित्यकृतीविषयीचे ज्ञान वाचकाच्या ओढीवाचून, आस्थेवाचून निर्माण होऊ शकते. आस्था ही अध्यापकाची खाजगी बाब असून तिचा ज्ञानव्यवहाराशी संबंध नाही. हा सिद्धान्त कोणी परिसंवादात मांडला असता तर त्यावर खंडनमंडन झाले असते. तो अर्जाच्या रूपाने आल्यामुळे विनाचर्चा मान्य झाला. येथे खंडन करावयाचे आहे ते या मान्यतेचे. ही विभागणी विद्यापीठ अनुदान आयोगाने शोधून काढलेली नाही, हेही आरंभीच नोंदवले पाहिजे. अध्यापकवर्गाने ती आधीच मनोमन पत्करली होती. आयोगाने तिला गुण दिले, इतकेच.

२

मराठी भाषेला मात्र ही विभागणी मानवत नाही. इंग्रजीतील 'इंटरेस्ट' या शब्दात व्याज, हितसंबंध आणि रुची असे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीत या तिन्हींसाठी वेगळे शब्द आहेत आणि त्यांपैकी रुचीसाठी जो शब्द सहज ओठावर येतो तो 'रस' हा. 'अमक्याला या विषयात रस आहे' असे म्हणणारा सामान्य माणूस नकळत भरताच्या नाट्यशास्त्रातील मध्यवर्ती संज्ञा उच्चारत असतो. रसाला आस्वादकावाचून अस्तित्व नाही, हे त्या परंपरेचे मूलभूत प्रतिपादन आहे. 'व्यासंग' हा दुसरा शब्द. विद्वत्तेसाठी मराठीने जो सर्वांत आदराचा शब्द योजला, त्याचा मूळ अर्थ आसक्ती, एखाद्या गोष्टीला जडून राहणे असा आहे. व्यासंगी माणूस म्हणजे जडलेला माणूस. आणि 'छंद'? संस्कृतात हा शब्द इच्छा या अर्थी आहे आणि वृत्तबद्धतेच्या अर्थीही आहे; म्हणजे ओढही तोच आणि शिस्तही तोच. अर्थशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या पु. शि. रेगे यांनी १९५० च्या दशकात चालवलेल्या वाङ्मयीन नियतकालिकाचे नाव 'छंद' असेच होते. मराठी कवितेच्या आणि समीक्षेच्या इतिहासात ज्याची नोंद घ्यावीच लागते, असे ते नियतकालिक आजच्या अर्जाच्या भाषेत शब्दशः एका प्राध्यापकाचा छंद ठरते.

येथे कान्टचा आधार घेऊन कोणी प्रतिवाद करील. सौंदर्यविधान हे हितसंबंधनिरपेक्ष असते, असे १७९० सालच्या तिसऱ्या मीमांसेत कान्टने म्हटले. मग अभ्यासकाने आपली आवड दूर ठेवली तर बिघडले कोठे? पण कान्टने दूर ठेवण्यास सांगितले ते वस्तूच्या अस्तित्वाविषयीचे, तिच्या उपयोगाविषयीचे स्वारस्य. आस्वादकाने लक्ष द्यावे, रमावे, रेंगाळावे हे तर त्याला अभिप्रेतच आहे. या कसोटीवर आजचे दोन रकाने तपासले तर विपरीत दृश्य दिसते. बढती, वेतनश्रेणी आणि मार्गदर्शक म्हणून मान्यता ही सर्व उपयोगाची स्वारस्ये पहिल्या रकान्यात वसलेली आहेत आणि निरुपयोगी, निर्हेतुक रमणे दुसऱ्या रकान्यात ढकलले गेले आहे. कान्टची साक्ष काढायचीच असेल, तर ती दुसऱ्या रकान्याच्या बाजूने निघते.

ज्ञान हे हितसंबंधांपासून मुक्त असते, हा समज विसाव्या शतकातील विचारानेही टिकू दिलेला नाही. हाबरमासने १९६८ साली ज्ञान आणि मानवी स्वारस्ये यांचा अन्योन्यसंबंध मांडताना प्रत्येक ज्ञानप्रकारामागे एक घटक स्वारस्य असते, असे दाखवले. निसर्गविज्ञानामागे तांत्रिक नियंत्रणाचे, अर्थान्वयी शास्त्रांमागे परस्परसंवादाचे आणि चिकित्सक शास्त्रांमागे मुक्तीचे. साहित्याचे अध्यापक वर्गात हाबरमास शिकवतात. वर्गाबाहेर पडून अर्ज भरताना मात्र ते अशा रीतीने वागतात, की जणू त्यांचे ज्ञान कोणत्याही स्वारस्याविना आकाशातून पडले आहे.

३

मुंबईतील साहित्याध्यापनाचा इतिहास या विभागणीविरुद्धचा सर्वांत सबळ पुरावा आहे. विलेपार्ल्याच्या मिठीबाई महाविद्यालयाच्या इंग्रजी विभागाचे प्रमुखपद १९६१ ते १९७२ या काळात निसिम इझिकेल यांच्याकडे होते. याच काळात ते कविता लिहीत होते, चित्रकलेवर वृत्तपत्रीय समीक्षा करीत होते, 'पोएट्री इंडिया' हे नियतकालिक चालवीत होते. पुढे १९७४ साली वृंदा नाबर यांच्यासह त्यांनी इंदिरा संतांच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. विंदा करंदीकर हेही इंग्रजीचेच प्राध्यापक. 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' (१९५७), गटेच्या 'फाउस्ट'चा अनुवाद (१९६५) आणि 'राजा लिअर' (१९७४) ही त्यांची कामे मराठीत झाली. साहित्य ही इतर ललित कलांहून वेगळी अशी जीवनवेधी कला आहे, हा त्यांचा सिद्धान्त कवी, अनुवादक आणि अध्यापक या तिन्ही भूमिकांच्या संगमावर उभा आहे. त्यांपैकी कोणतीही एक भूमिका 'छंद' म्हणून वजा केली तर सिद्धान्त शिल्लक राहत नाही.

मुंबई विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या रा. भा. पाटणकरांचे उदाहरण आणखी बोलके आहे. 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) हा मराठीतील सौंदर्यशास्त्राचा पायाभूत ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. त्याला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या अधिकृत अध्यापनविषयाची भाषा इंग्रजी होती. मराठीत, आणि तेही तत्त्वज्ञानाच्या प्रांतात, वर्षानुवर्षे काम करणे ही आजच्या परिभाषेत 'वैयक्तिक आवड' ठरली असती. याच ग्रंथात पाटणकरांनी सौंदर्याची संकल्पना लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये वावरते, कोणत्याही एका ध्रुवाने तिचा उलगडा होत नाही, असे प्रतिपादन केले. दोन ध्रुवांमधील ताण ओळखणे आणि दोन रकान्यांत भिंत घालणे, या भिन्न गोष्टी आहेत. गंगाधर गाडगीळ तर साहित्याचे अध्यापकही नव्हते. अर्थशास्त्र शिकवणारे आणि विलेपार्ल्याच्या नरसी मोनजी महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळलेले हे गृहस्थ नवकथेचे प्रवर्तक आणि समीक्षक होते. म. वा. धोंडांनी 'ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी' या ग्रंथात ज्ञानेश्वरांच्या दृष्टान्तांमागील रोजच्या व्यवहारातील जग धुंडाळले. १९९७ चा साहित्य अकादमी पुरस्कार या ग्रंथाला मिळाला. हा ग्रंथ कोणत्या 'संशोधनक्षेत्रा'त बसतो? शब्दांच्या, वस्तूंच्या आणि व्यवहारांच्या नादी लागल्यावाचून तो लिहिणे शक्य नव्हते.

आता आयोगाच्या कोष्टकाकडे वळू. २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कार्यनिर्देशांकाची पद्धत आणली. तज्ज्ञपरीक्षित नियतकालिकातील लेखास १५ गुण; एकट्याने लिहिलेल्या ग्रंथास प्रकाशक आंतरराष्ट्रीय असल्यास ५०, राष्ट्रीय असल्यास २५ आणि स्थानिक असल्यास १५. म्हणजे गिरगावातील 'मौज'ला कोणी स्थानिक ठरवले असते तर 'सौंदर्यमीमांसा' आणि एक सुटा लेख यांचे मोल समान झाले असते. २०१८ च्या विनियमांनी हे कोष्टक सुटसुटीत केले. भाषा व मानव्यविद्यांतील लेखास १० गुण, आंतरराष्ट्रीय प्रकाशकाकडील ग्रंथास १२, राष्ट्रीय प्रकाशकाकडील ग्रंथास १०, अनुवादित ग्रंथास ८ आणि अनुवादित प्रकरणास वा लेखास ३. या हिशेबाने 'फाउस्ट' आणि 'राजा लिअर' यांचे मिळून १६ गुण होतात. दोन लेखांचे २०. कवितासंग्रहासाठी, कादंबरीसाठी वा नाटकासाठी या कोष्टकात ओळच नाही. मराठी वाङ्मयीन संस्कृतीचा मोठा भाग अध्यापकांनी ज्या कामातून घडवला, ते काम शून्यवत ठरवणारे हे कोष्टक आहे. आणि ज्या वर्गाचे पूर्वसूरी इझिकेल, करंदीकर आणि पाटणकर आहेत, तो वर्ग ते निमूटपणे भरतो.

४

ही केवळ थोरामोठ्यांच्या मानापमानाची कथा असती तर तिच्यावर इतकी शाई खर्च करण्याचे प्रयोजन नव्हते. पणाला लागले आहे ते याहून निकटचे आहे आणि ते उपनगरांतच स्पष्ट दिसते.

घाटकोपरच्या चिरागनगर या झोपडपट्टीत अण्णा भाऊ साठे यांनी आयुष्याचा मोठा काळ काढला. घाटकोपरच्याच रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या जमावावर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. घोगरे यांच्या गाण्यांचा आज सर्वांत परिचित असलेला दस्तऐवज कोणत्याही साहित्यविभागाने सिद्ध केलेला नाही. तो आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' (१९८५) आणि 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या माहितीपटांत आहे. ज्या उपनगरातील अध्यापकांच्या पहिल्या रकान्यात 'वंचितांचा इतिहास' हे क्षेत्र नोंदवलेले असते, त्याच उपनगरातील शाहिराचा आवाज जतन करावयास चित्रपटकार यावा लागला. त्या वस्तीत संध्याकाळी जाऊन गाणी ऐकणारे, ती उतरवून घेणारे अध्यापक नव्हते वा नाहीत, असे नव्हे. पण त्यांच्या या कामास विद्यापीठीय नाव नसल्याने ते दुसऱ्या रकान्यात 'लोकसंगीताची आवड' एवढ्यावर संपते.

अण्णा भाऊ आज अभ्यासक्रमांत आहेत आणि दलित साहित्यावर प्रबंध होतात, हे खरे. पण ते तेथवर कसे आले? १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले ते विद्यापीठाच्या प्रेरणेने नव्हे. इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या म. ना. वानखडे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे दलित लेखकांचे लक्ष वेधले. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून 'अस्मितादर्श' चालवले. ही कामे त्या अध्यापकांनी नेमणुकीच्या अटींत बसत होती म्हणून केली नाहीत. ती त्यांच्या जगण्याशी जडलेली होती म्हणून केली. विद्याशाखेने त्यांना नंतर, बऱ्याच उशिरा, 'क्षेत्र' म्हणून मान्यता दिली. जे आज पहिल्या रकान्यात मानाने बसले आहे ते काल कोणाच्या तरी दुसऱ्या रकान्यात होते. दोहोंमधील वाट बंद केली तर उद्याचे क्षेत्र येणार कोठून?

उपनगरांत अशी अनेक क्षेत्रे निनावी पडून आहेत. अंधेरीच्या जुन्या गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची मराठी बोली, आरे आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पाड्यांवरील वारल्यांची गीते, त्याच उद्यानातील कान्हेरी लेण्यांतील प्राकृत लेख, मुलुंड-घाटकोपरच्या वस्त्यांत शेजारी नांदणाऱ्या मराठी आणि गुजराती भाषांची परस्परांतील ये-जा. यांपैकी एखाद्या गोष्टीची ज्याला ओढ आहे, असा अध्यापक प्रत्येक महाविद्यालयात निघेल. त्याच्याकडे तीन-चार वह्या भरलेल्या असतात. पण परिसंवादाचे निमंत्रण येते तेव्हा तो वह्या मिटतो आणि एखाद्या परिचित पाश्चात्त्य संकल्पनेचे एखाद्या परिचित कादंबरीवर उपयोजन करणारा निबंध आठवडाभरात लिहून देतो; कारण निबंधास गुण आहेत, वह्यांस नाहीत. तो निबंध वाईटच असतो असे नाही. तो कोणीही लिहिला असता, इतकेच. वह्या मात्र दुसऱ्या कोणी भरल्या नसत्या.

तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांची स्थिती याहून बिकट आहे. सकाळी मध्य रेल्वेवरील एका महाविद्यालयात आणि दुपारी पश्चिम रेल्वेवरील दुसऱ्यात तास घेणाऱ्या, सुट्ट्यांच्या महिन्यांत मानधनाविना राहणाऱ्या अध्यापिकेला दोन्ही रकाने सारखेच परके असतात. तिला पहिल्या रकान्यासाठी नेमणूक नाही आणि दुसऱ्यासाठी वेळ नाही. तरीही ती वाचते, तेही गाडीच्या डब्यात. साहित्याची विद्याशाखा आज ज्या बळावर उभी आहे ते हे वाचन आहे. आणि त्याला अर्जात जागा असेल तर ती 'छंद' म्हणून.

५

या भूमिकेवर घेता येतील असे तीन आक्षेप आहेत आणि ते गंभीर आहेत.

पहिला असा की, व्यासंगाचे हे गुणगान म्हणजे एका निवांत वर्गाच्या सुखवस्तूपणाचा गौरव आहे. ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटे होती, ज्यांना जातीने आणि पूर्वजांनी फुरसत बहाल केली होती, त्यांनाच 'निर्हेतुक' आवडी परवडल्या. या आक्षेपातील ऐतिहासिक तथ्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. फुरसत विषम वाटली गेली असेल तर ती सर्वांना मिळावी अशी मागणी करावयास हवी. फुरसतीतून घडणारे कामच बाद ठरवल्याने विषमता कमी होत नाही. उलट ज्याच्याकडे कपाटे आहेत तो बाद ठरवलेले काम घरी चालू ठेवतोच आणि ज्याच्याकडे नाहीत त्याचे तेवढे थांबते. शिवाय वानखडे, पानतावणे यांची उदाहरणे दाखवतात की, आस्था ही निवांतपणाचीच संतती असते असे नाही. ती कोंडमाऱ्यातूनही येते.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. आकडा निर्विकार असतो. निवडसमितीतील लागेबांधे, जातीय आणि प्रादेशिक पूर्वग्रह, 'आपल्या' माणसाच्या विद्वत्तेविषयीची तोंडी ग्वाही यांपासून बाहेरच्या उमेदवाराला आकडाच वाचवतो. हे मान्य केले पाहिजे. प्रथम नेमणुकीच्या टप्प्यावर पारदर्शक, मोजता येणाऱ्या अटी असाव्यात, यावर वाद नाही. परंतु आकड्याने दिलेल्या संरक्षणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गुणांची गरज निर्माण होताच गुण विकणारी नियतकालिके निर्माण झाली. मे २०१८ मध्ये खुद्द आयोगाला आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. २०१९ साली 'केअर' यादी आली. २०२५ साली आयोगाने तीही मोडीत काढली. या उलाढालीत ज्याच्याकडे पैसे होते त्याने गुण विकत घेतले आणि ज्याच्याकडे नव्हते तो रांगेत राहिला. आकडा पूर्वग्रह बाळगत नाही, हे खरे. पण तो वाचतही नाही. न वाचणारा परीक्षक निःपक्षपाती असतो, असे म्हणणे धाडसाचे होईल.

तिसरा आक्षेप शिस्तीचा आहे. आवडीला मोकळे सोडले की हौशी, विस्कळीत, आठवणीवजा लेखनाचा पूर येतो. मराठी समीक्षेने त्याचा अनुभव भरपूर घेतला आहे आणि सिद्धान्ताची शिस्त त्यावर उपाय म्हणूनच आली. हा आक्षेपही अंशतः योग्य आहे. संरचनावाद, चिन्हमीमांसा, स्त्रीवाद यांनी मराठी समीक्षेला जे काटेकोरपण दिले त्यापासून माघार घेण्याची मागणी येथे नाही. प्रश्न इतकाच की शिस्त कशाला लावावयाची? ज्याला कोणतीच ओढ नाही त्याच्या हाती शिस्त म्हणजे साचा होतो. पाटणकरांकडे कान्टची शिस्त होती, कारण एका प्रश्नाने त्यांना सोडले नव्हते. पवईच्या आय.आय.टी.त साहित्य आणि भाषाविज्ञान शिकवलेले मिलिंद मालशे यांचा ख्यालगायनाशी निकटचा संबंध आहे. साहित्याच्या वर्गीकरणाचे सौंदर्यशास्त्र इंग्रजीत मांडणाऱ्या आणि 'आधुनिक भाषाविज्ञान' मराठीत लिहिणाऱ्या या अभ्यासकाचे गाणे त्याच्या विद्येच्या बाहेरचे मानावे, असे कोणता सिद्धान्त सांगतो? सूर लावणारा शिस्त जाणतो. किंबहुना तो ती आधी जाणतो.

६

यावर उपाय म्हणून दुसऱ्या रकान्यालाही गुण द्यावेत, अशी सूचना होण्याचा संभव आहे. ती सर्वांत घातक ठरेल. लोकगीते जमवण्यास ५ गुण, काव्यलेखनास ३ गुण असे कोष्टक आले की वर्षभरात लोकगीतांची संकलने विकत मिळू लागतील. आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये प्रसृत केलेल्या विनियमांच्या मसुद्यात जुन्या गुणपद्धतीऐवजी 'लक्षणीय योगदाना'ची नऊ क्षेत्रे सुचवली होती आणि उमेदवाराने त्यांपैकी किमान चारांत योगदान दाखवावे, अशी अट घातली होती. त्यांत भारतीय भाषांतील अध्यापन आहे, भारतीय ज्ञानपरंपरा आहे, समाजसेवा आहे, नवउद्योगही आहे. रकाने दोनांचे नऊ झाले. रकान्यांचे तर्कशास्त्र तसेच राहिले.

मागणी वेगळी आणि अधिक कठीण आहे. अध्यापकाने दर पाच वर्षांनी आपल्या व्यासंगाचे एक सलग निवेदन लिहावे: कोणत्या प्रश्नाने वा कोणत्या संहितेने त्याला धरून ठेवले आहे, त्यासाठी त्याने काय वाचले, काय ऐकले, काय उतरवून घेतले, वर्गात त्याचे काय झाले, आणि काय फसले. त्यासोबत त्याने आपले एकच काम जोडावे; मग तो लेख असो, अनुवाद असो, कवितासंग्रह असो वा वह्यांचा गठ्ठा. परीक्षकाने ते वाचावे आणि आपले मत सकारण, स्वनामाने, लेखी द्यावे. ते अध्यापकाला आणि विभागाला वाचावयास मिळावे. लागेबांध्यांवर यापेक्षा चांगला अंकुश नाही, कारण तोंडी ग्वाही देणे सोपे असते आणि सकारण लेखी मत देताना परीक्षकाची स्वतःचीच परीक्षा होते. मराठी नियतकालिकांनी ग्रंथपरीक्षणाच्या रूपाने ही पद्धत दीर्घकाळ चालवली आहे. ती परकी नाही. तिला वेळ लागेल, हे खरे. वाचनाला वेळ लागतोच.

आणि आयोग हे मान्य करील तोवर थांबण्याचेही कारण नाही. पहिले पाऊल अध्यापकाच्या हाती आहे. पुढील माहितीपत्रक भरताना 'छंद' या रकान्यातील 'वाचन' हा शब्द खोडून तो पहिल्या रकान्यात, सर्व वादांच्या आणि मीमांसांच्या वर, लिहिण्यास कोणत्याही विनियमाची आडकाठी नाही. तसे केल्याने एक अडचण मात्र उद्भवेल. वाचन हे संशोधनाचे क्षेत्र म्हणून नोंदवले की 'सध्या काय वाचता आहात?' हा प्रश्न विचारण्याचा अधिकार विभागप्रमुखाला, समितीला आणि विद्यार्थ्याला प्राप्त होईल. छंदाबद्दल कोणी जाब विचारत नाही. वाचन इतकी वर्षे दुसऱ्या रकान्यात का सुखेनैव राहिले, त्याचे उत्तर बहुधा येथेच आहे. आणि आयोगाला दोष देण्यापूर्वी अध्यापकवर्गाने ते स्वतःशी कबूल करणे आवश्यक आहे.